दुसरा फोटो हाय का?

सोनटक्के सरांच्या फोनवर फोटो आला की सर फोनकडं बघत नसत, माझ्याकडं बघत. फोन टेबलावर पालथा घातलेला असायचा, खडूच्या डब्याला टेकवून. तो थरथरला की सरांची मान वळायची अन् आवाज एकदम खाली यायचा.

"बाई, आधी तुमी बघा. पंख हायत का खवले?"

पंख असले तर फोन त्यांच्या हातात द्यायचा. खवले असले तर द्यायचा नाही. उत्तर मीच टाइप करायचं, अन् ते ठरलेलं होतं : 'आधी दवाखान्यात न्या. नाव विचारत बसू नका.' साप कुणाला चावलेला नसला, नुसता गोठ्याच्या कुडावर दिसला असला, तरी हेच उत्तर. एकानं उलट लिहिलं, 'सर, साप मेलेला आहे, त्यालाच दवाखान्यात नेऊ का?' मी मोठ्यानं वाचून दाखवलं अन् हसले. सर हसले नाहीत. म्हणाले, "माणूस बरा हाय का विचारा त्याला."

मी जिंतूरच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक आहे. आमचं गाव चारठाण्याच्या पुढं, माळाला लागून. आमच्या घरात आजवर सगळे मेंढरांमागंच गेले. शाळेत गेले ते शेळी शोधायला. बी.एस्सी. झालेली मी पहिली, अन् ते मी माझ्या लग्नपत्रिकेतही नावापुढं छापायला लावलं होतं. छापखानेवाला म्हणाला, बाईच्या नावापुढं डिग्री कुणी छापत नाही. मी म्हणाले, मग तुम्ही पहिले व्हा. हे सांगायचं कारण, त्या डिग्रीतला अर्धा वाटा सोनटक्के सरांचा आहे. त्यांच्याच वर्गात शिकले अन् पुढं त्यांच्याच हाताखाली नोकरीला लागले. म्हणून मला दोन सोनटक्के सर माहीत आहेत, आधीचे अन् नंतरचे. आता कॉलेजात कुणालाही विचारा, त्यांना नंतरचेच आठवतात.

नंतरचे सर भर उन्हाळ्यात गमबूट घालायचे. वर पांढरा शर्ट, इस्त्रीची पँट अन् खाली भाताच्या चिखलात घालतात तसले काळे गमबूट. पोरं मागून "आला पाऊस, आला पाऊस" करायची. हातात बांबूची काठी. कपाट उघडायच्या आधी काठीनं तीनदा ठोकायचे. मोटारसायकलच्या डिकीवर ठोकायचे, संडासच्या दारावरही ठोकायचे, आत मुख्य लिपिक असले तरी. प्रयोगशाळेत फॉर्मॅलिनच्या बरण्यांची रांग होती. त्यातल्या दोन बरण्या वर्तमानपत्रात गुंडाळून, दोरी बांधून, सगळ्यात मागं ठेवलेल्या असत. त्या मी पुसायच्या नाहीत, असा हुकूम होता. प्रॅक्टिकलच्या परीक्षेला बाहेरून परीक्षक आले अन् त्यांनी विचारलं, "हे काय बांधून ठेवलंय?" तर सर म्हणाले, "फुटल्यात त्या." फुटल्या नव्हत्या. एकीत बिनविषारी कवड्या साप होता, दुसरीत विषारी मण्यार.

अन् त्यांचं पेटंट वाक्य : "दुसरा फोटो हाय का?"

कशालाही हेच. प्राचार्यांनी नव्या घराच्या प्लॉटचा फोटो दाखवला, तरी "दुसरा हाय का, बाजूनं काढलेला?" त्यांच्या वहिनींनी पाठवलेला साडीचा फोटो बघूनही तेच. माझ्या लग्नाचं बघत होते तेव्हा आमचे बापू, म्हणजे माझे वडील, एका पोराचा फोटो घेऊन खास सरांना दाखवायला कॉलेजात आले. डोक्याला पटका, खांद्यावर घोंगडी, पायताण दाराबाहेर काढलेलं. सरांवर त्यांचा भारी इतबार होता. सरांनी फोटो उन्हात धरला, सावलीत धरला, चष्मा वर करून बघितला.

"बापू, हा फोटो झाडाखाली काढलाय. तोंडावर सावली हाय. दुसरा हाय का?"

बापूंना वाटलं सर चेष्टा करायलेत. त्यांनीही चेष्टा केली. "सर, पोरगं हाय ते, साप न्हाई. चुकलं तर कुणी मरायचं न्हाई!"

सरांच्या हातातून फोटो पडला. ते उचलायला वाकले अन् वाकलेलेच राहिले, टेबलाची कड धरून. मग काठी न घेताच बाहेर गेले. काठी न घेता गेलेलं मी त्यांना तेव्हाच पाहिलं. बापूंचा चेहरा उतरला. "काय बोलून बसलो गं मी," म्हणाले. जे झालं होतं ते बापूंना पुरतं माहीत होतं, आमच्याच गावात झालेलं. पण बोलण्याच्या भरात जीभ घसरली.

तर ते सांगते.

आधीचे सर साप हातात धरायचे. पावसाळ्यात कुणाच्या घरात साप निघाला की सरांना बोलावणं. ते यायचे, बाह्या सारायचे, अन् बिनविषारी असला तर मनगटाला गुंडाळून पोरांना हात लावू द्यायचे. नागपंचमीच्या आधी ते आमच्या गावच्या शाळेत भाषणाला आले होते. मी त्यांची विद्यार्थिनी म्हणून पहिल्या ओळीत, छाती पुढं काढून. सरांनी भिंतीला तक्ता लावला, चार विषारी सापांची चित्रं दाखवली अन् फळ्यावर मोठ्या अक्षरात आपला फोन नंबर लिहिला. "साप दिसला तर मारू नका. फोटो काढा, मला पाठवा. मी सांगतो विषारी हाय का न्हाई." टाळ्या पडल्या. किसनकाकांनी, म्हणजे आमच्या भावकीतल्या काकांनी, तो नंबर फोनमध्ये टिपून घेतला. सगळ्यांनीच घेतला.

मग सोयाबीन काढणी. किसनकाका अन् गयाकाकूंचं रान माळाच्या उताराला, रस्त्याच्या कडेला. कापलेल्या सोयाबीनची सुडी रचून घातलेली, वर ताडपत्री. दुपारी काकूंनी ताडपत्री ओढली अन् बोटाला काहीतरी टोचलं. "मुंगी चावल्यावानी," काकू नंतर सांगायच्या, "तेवढंच. रगतसुदिक न्हाई." पण किसनकाकांना ताडपत्रीच्या घडीत काळं अंग अन् त्यावर पांढरे पट्टे सरकताना दिसले. काकांनी घाईत फोटो काढला अन् सरांना पाठवला.

तो फोटो मी नंतर पाहिला. अंगाचा मधला तुकडा फक्त. डोकं घडीत, शेपटी घडीत. कवड्या अन् मण्यार, दोघांच्या अंगावर पांढरे पट्टे. कवड्याचे मानेपासून सुरू होतात अन् शेपटीकडं पुसट होत जातात. मण्यारचे मानेपासून जरा खाली सुरू होतात अन् शेपटीच्या टोकापर्यंत ठळक जातात. म्हणजे ओळखायचं तर मान बघायची, शेपटी बघायची. मधल्या तुकड्यावरून ओळखायचं नाही, हे आम्हाला सरांनीच शिकवलं होतं.

सर तेव्हा तास घेत होते. तास चालू असतानाच फोटो बघितला अन् उत्तर पाठवलं : 'कवड्या. बिनविषारी. घाबरू नका.'

काकू घाबरल्या नाहीत. त्यांनी चहा घेतला, परत कामाला लागल्या. दिवे लागायच्या वेळेला काकांना म्हणाल्या, "मला दोन दोन सुडी दिसायलेत." मग म्हणाल्या, "पापण्या जड झाल्यात." मग बोलणं बोबडं झालं. गावातल्या जीपमधून जिंतूर, तिथून परभणी. पोचेपर्यंत श्वास घेता येईना, श्वासाच्या मशीनवर घातलं.

सर परभणीच्या दवाखान्यात आले तेव्हा बापू तिथं होते, त्यांनी मला सांगितलं. सर खाली बसले नाहीत. भिंतीला पाठ लावून उभेच. किसनकाका शिव्या देतील, मारतील, असं सगळ्यांना वाटलेलं. काका गरीब माणूस. ते सरांजवळ गेले अन् एवढंच विचारलं, "सर, बिनविषारी म्हणलाव की?"

काकू वाचल्या. मशीन निघालं, डोळे उघडले, घरी आल्या. पुढच्या सुगीला परत त्याच रानात. सर मात्र बरेच दिवस रजेवर गेले अन् परत आले ते गमबूट घालून.

दरसाल संक्रांतीच्या सुमाराला गयाकाकू सरांसाठी माझ्याजवळ काहीतरी द्यायच्या. कधी तुरीची डाळ, कधी हुरडा. सरांना ते गाठोडं बघितलं की घाम फुटायचा. "तिथं ठेवा, बाई," म्हणायचे, अन् दिवसभर त्या कोपऱ्याकडं पाठ करून बसायचे. शिव्या दिल्या असत्या तर बरं, असं एकदा म्हणाले. डाळीची भीती वाटणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

याच काळात ते चंडोलांकडं वळले.

थंडी पडली की उत्तरेकडून चंडोलांचे थवे आमच्या माळावर अन् पडीक रानात उतरतात. रंग मातीचा. ढेकळात बसले की ढेकूळ. गावात त्यांना कुणी वेगळं नाव देत नाही, चिमण्या म्हणून मोकळे होतात. मला आधी कळेना, मोर, हरियल, नीलकंठ सोडून सर या मातकट पाखरांमागं का लागले. विचारलं तर म्हणाले, "चंडोल चावत न्हाई, बाई. नाव चुकलं तर कोणी मरत न्हाई." मग आपले हात माझ्यापुढं धरून म्हणाले, "तरी बघा. कापायलेत."



सर रस्त्यावरून बघायचे. मोटारसायकल उभी करायची, सीटवर कोपर टेकवायचं अन् लांब भिंगाचा कॅमेरा डोळ्याला लावायचा. रानात पाऊल टाकायचं नाही. फोटो आणून मला दाखवायचे अन् परीक्षा घ्यायचे. चोच जाड का बारीक? भुवई किती पांढरी? शेपटीच्या कडा पांढऱ्या का टोक पांढरं? मी उत्तर दिलं की ठरलेला प्रश्न : "दुसरा फोटो हाय का?" नसला तर तो फोटो बिननावाचा राहायचा. त्यांच्या कॉम्प्युटरवर बिननावाच्या चंडोलांचा मोठा ढीग होता. पक्षी बघणाऱ्या लोकांच्या एका व्हॉट्सअॅप ग्रुपवर ते होते, पण तिथं त्यांनी कधी कुठल्या पाखराला नाव दिल्याचं मला आठवत नाही. दुसऱ्यांनी दिलेल्या नावाला हात जोडायचे.

गेल्या हिवाळ्याच्या आधीच्या हिवाळ्यात एक दिवस ते प्रयोगशाळेत आले, दार लावलं, कडी घातली. मला वाटलं कुणीतरी गेलं.

"बाई, एक फोटो दाखवतो. कोणाला सांगू नका."

थवा होता, नेहमीचाच. त्यात एक पाखरू जरा दांडगं. चोच जाड, भुवई पांढरी ठसठशीत, अन् गळ्याच्या बाजूला काळा डाग, काजळाचं बोट लावल्यासारखा.

"दोन डागांचा चंडोल हाय का हा?" मी म्हणाले. पुस्तकात पाहिलेला. इंग्रजीत बायमॅक्युलेटेड लार्क. राजस्थान, कच्छकडं उतरतो. आपल्या भागात कुणी पाहिल्याचं सरांच्या ऐकण्यात नव्हतं.

सर दाराकडं बघत म्हणाले, "नाव घेऊ नका."

"का?"

"साध्या चंडोलाच्याही गळ्याला बारका डाग असतो. अन् सकाळचं तिरपं ऊन होतं. सावली असंल. शेपटी दिसत न्हाई. साध्याच्या शेपटीला कडांना पांढरं असतं, याच्या टोकाला पट्टी पायजे. इथं अर्धंच अंग दिसायलंय, बाई." अन् पुढचं त्यांनी ओठातल्या ओठात म्हटलं, पण मी ऐकलं. "परत अर्धंच अंग."

मी विचारलं, हा कुठल्या रानात? ते सांगेनात. मग सांगितलं. गयाकाकूंच्या. सोयाबीन निघाल्यावर पडीक ठेवलेल्या तुकड्यात.

शेवटी माझ्याच भुणभुणीनं त्यांनी फोटो ग्रुपवर टाकला. जागा लिहिली नाही, नावही नाही. नुसतं 'मत द्यावे'. शहरातल्या एका जाणकारानं लगेच उत्तर दिलं : 'मित्रा, ही गळ्यावरची सावली आहे. साधा चंडोल. मराठवाड्यात हा पक्षी कुठून येणार?' खाली हसण्याची चित्रं. मला असा राग आला! मराठवाड्यात का येऊ नये? पाखराला काय आमचा दुष्काळ आधी कळवलेला असतो? मी म्हणाले, "सर, लिहा त्याला, चोच बघ म्हणून." सरांनी 'धन्यवाद' लिहिलं अन् फोन पालथा घातला.

"ते चूक हायत असं कुठं म्हणता येतंय? दुसरा फोटो पायजे. शेपटीचा."

शेपटीचा फोटो रस्त्यावरून मिळत नव्हता. सकाळी रस्त्यावरून बघितलं की ऊन तोंडावर. ऊन पाठीवर घ्यायचं तर रानाच्या आत, पार पलीकडच्या बाजूला जाऊन जमिनीसरशी बसायला हवं. सर रोज सकाळी कॉलेजच्या आधी जायचे अन् बांधापर्यंत जाऊन परत यायचे. मी गावाकडून एसटीनं येताना खिडकीतून बघायची. बांधावर गमबूट, काठी, कॅमेरा, अन् सर खांबासारखे उभे. पाय पुढं निघत नव्हता. थंडी सरत आली होती. ऊन तापायला लागलं की हे थवे एका सकाळी उठून निघून जातात, अन् मग त्या एका फोटोतली ती सावली का डाग, हे कधीच ठरलं नसतं.

एका रविवारी मी मुद्दाम रानाकडं गेले. सर बांधावर. खाली थवा चरत होता. गयाकाकू पलीकडून आल्या. कासोटा घातलेला, डोक्यावर टोपली, हातात शेळ्या हाकायची काठी.

"सर, सण गेला, वार गेला, बांधावरच उभे ऱ्हायलाव. रानात या की. पीक न्हाई, पडीक हाय."

सरांनी हात जोडले. मग एकदम म्हणाले, "काकू, इथं एक पाखरू आलंय. त्याचं नाव म्या सांगितलं अन् ते खरं निघालं तर लांबून लांबून माणसं येतील. गाड्या घेऊन. शेजारचा तुमचा हरभरा तुडवतील. अन् खोटं निघालं तर..." पुढं गेलंच नाही. "तुमच्या रानात माझ्या बोलण्यानं परत काही व्हायला नको."

काकूंनी टोपली खाली ठेवली.

"सर, म्या मेले न्हाई."

सर काठीचं टोक बांधाच्या मातीत रुतवत राहिले.

"म्या दवाखान्यात निजले अन् उठून आले. तुमी तिथंच निजलाव. लय दिवस झाले की आता. उठा." मग माझ्याकडं वळून, "काय गं, तुमच्या कॉलेजात कोणी उठवीत न्हाई का यांना?"

काकूंनी सरांच्या हातातली बांबूची काठी काढून घेतली. आता दोन्ही काठ्या त्यांच्याकडं.

"तुमी वर बघा. खालचं म्या बघते."

मला खोटं सांगायचं नाही, त्या वेळी मीही भ्याले होते. त्याच रानात, त्याच उताराला. सोयाबीनचे खुंट वाळून टोकदार झालेले, जागोजागी भेगा, ढेकळांखाली काय असेल ते कुणी बघितलंय? काकू पुढं, दोन्ही बाजूंना काठ्या आपटत. त्यांच्या मागं सर वाकून. मी मागं, सरांच्या पावलावर पाऊल ठेवून. रानाच्या पलीकडच्या कडेला पोचल्यावर सर आधी गुडघ्यावर आले, मग कोपरावर, मग पालथे. गाल मातीला टेकलेला. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. काकू त्यांच्या डोक्याशी उभ्या, बाळंतिणीजवळ थांबतात तशा.

अन् सरांच्या कोपराजवळ ढेकळांमधून काहीतरी काळं दिसलं. बोटभर जाड, अर्धं मातीत, वर पांढुरके पट्टे. मी काकूंचं लुगडं ओढलं. सरांनीही बघितलं. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला. हलले नाहीत. डोळे मिटून घेतले अन् ओठ हलायला लागले, देवाचं घेत होते का काकूंचं नाव, कळलं नाही.

काकूंनी काठी लावली, मग खाली वाकून हातानंच उपसलं.

"नळी हाय. ठिबकची. आमच्या ह्यांना किती सांगितलं गोळा करा म्हणून." माती झटकून ती मागं भिरकावली. "बघा, सर. वर बघा."

तेवढ्यात माळाकडून भोवत्या आला. तो शिकारी पक्षी रानावरून जमिनीलगत तरंगत येतो अन् त्याची सावली पडली की चंडोलांचा थवा एकदम उठतो. उठला. सगळं रान उडाल्यासारखं झालं. सरांचा कॅमेरा खडखडायला लागला, थांबेना. थवा वर गेला, वळला, आमच्या डोक्यावरून जाऊन परत खाली बसला. भोवत्या निघून गेला. सगळं शांत.

सर उठून बसले. कॅमेऱ्याच्या काचेकडं त्यांनी बघितलं नाही. तो माझ्यापुढं धरला.

"बाई, आधी तुमी बघा."

मी बघितलं. बरेच फोटो नुसते धुरकट. मग एक आला : पाखरू वळताना, पंख पसरलेले, शेपटी पंख्यासारखी उघडलेली. मी ते मोठं करून बघितलं. मला दिसलं ते मी बोलणार होते. पण मी बी.एस्सी. आहे तशी गयाकाकूंची पुतणीही आहे. मी कॅमेरा परत दिला.

"मी न्हाई सांगणार, सर. तुमी बघा."

सरांनी बघितलं. चष्मा काढला, शर्टानं पुसला, परत बघितलं. पुढचा फोटो, मागचा फोटो. बराच वेळ. काकूंना धीर धरवेना.

"काय निघालं?"

"टोकाला पांढरी पट्टी हाय," सर म्हणाले. "कडांना न्हाई. अन् पंखाच्या मागच्या काठाला पांढरं न्हाई. अन् डाग दोन्ही बाजूंनी हाय. सावली दोन्ही बाजूंनी पडत न्हाई, काकू."

"मंजी?"

"मंजी लांबचा पाव्हणा हाय. दोन डागांचा चंडोल."

"नक्की?"

हा प्रश्न त्यांना विचारणारं जगात दुसरं कुणी असतं तर चाललं असतं. सर काकूंच्या तोंडाकडं बघत राहिले. मग मान हलवली. एकदाच, खाली.

"नक्की."

"मग सांगा की लोकाला. माझ्या हरभऱ्याची फिकर करू नका. कोणी तुडवला तर म्या हाय न् काठी हाय."

त्याच दिवशी सरांनी तो फोटो टाकला, नावासकट. रानाचं नाव नाही, नुसतं 'जिंतूर तालुका'. दुपारपर्यंत शहरातल्या त्या जाणकाराचं उत्तर आलं : 'बरोबर. माझी चूक.' मी पेढे आणायला निघाले. सर म्हणाले, "थांबा." ते संध्याकाळपर्यंत फोन हातात धरून बसले होते. कुणीतरी म्हणेल, नाही, चुकलं, याची वाट बघत. कुणी म्हणालं नाही. तरी त्यांच्या तोंडावरचा ताण काही गेला नाही. थवा पुढच्या आठवड्यात निघून गेला. गाड्या आल्या नाहीत. काकू थोड्या नाराजच झाल्या.

उन्हाळ्यात सर निवृत्त झाले अन् पूर्णेला भावाकडं राहायला जायला निघाले. त्यांचे वडील तिथं रेल्वेत होते, घर तिथलंच. निरोप समारंभात प्राचार्यांनी चंडोलाचं कौतुक केलं. सर खाली बघत बसले. दुसऱ्या दिवशी जिंतूरच्या स्टँडवर मी गावाकडची एसटी धरायला गेले तर सर पूर्णेला जायला परभणीच्या गाडीची वाट बघत उभे. पायात गमबूट, एका हातात बॅग, काखेत गयाकाकूंनी पाठवलेलं डाळीचं गाठोडं. ते त्यांनी पहिल्यांदाच स्वतः धरलेलं मी बघितलं.

फोन थरथरला. सवयीनं मी हात पुढं केला. सरांनी मान वळवली, माझ्याकडं बघितलं अन् मग फोनकडं बघितलं. मला वरून दिसलं : खवले. काळं अंग, पांढरे पट्टे, शेपटीपर्यंत.

"द्या, सर, मी उत्तर टाकते."

दिला नाही. बॅग खाली ठेवली, गाठोडं बॅगेवर ठेवलं अन् त्यांनी तो नंबर लावला.

"हां, सोनटक्के बोलतोय. चावलाय का? कोणाला? ... पोराला? कवा? ... न्हाई, न्हाई, दुसरा फोटो नको! फोटो काढत बसू नका, गाडी काढा. मण्यार हाय. हां, मण्यार. डॉक्टरला हाच फोटो दाखवा. दुखत न्हाई म्हणून थांबू नका. फोन चालू ठेवा."

परभणीची गाडी फलाटाला लागली. कंडक्टर ओरडत होता. सर हलले नाहीत. लोक चढले, गाडी सुटली. तेवढ्यात माझी गाडी लागली. मी म्हणाले, "सर, मी थांबू का?" त्यांनी हातानंच 'जा' केलं.

पोरगं वाचलं हे मला चार-आठ दिवसांनी त्यांच्याच फोनवरून कळलं. पण त्या वेळी कुणालाच काही माहीत नव्हतं, ना मला, ना सरांना. त्यानंतर आमची भेट नाही, फोनवरच बोलणं. अजून मला दिसतात ते त्या स्टँडवरचेच. माझी एसटी मागं सरली अन् वळली, तेव्हा मी खिडकीला तोंड लावून बघत होते. सर तिथंच, फोन कानाला. काचेतून आवाज येत नव्हता, पण ओठांवरून शब्द कळत होते : "पापण्या बघा. बोलत ऱ्हावा त्याच्याशी. पापण्या बघा." अन् दुसऱ्या हातानं त्यांनी स्टँडचा लोखंडी खांब गच्च धरला होता.